जुन्या रिमोटला नवी बॅटरी : सुरतेत पॅक कुठे शोधायचा, चार्ज कसा करायचा

सुरत : छंद म्हणून विमान, गाडी, बोट चालवणाऱ्यांच्या घरी माळ्यावर एखादा तरी रिमोट असतो, जो बिघडलेला नाही, फक्त चालू होत नाही. स्विच टाकला की लाइट लागत नाही, किंवा लागते आणि दोन मिनिटांत टूंऽऽ टूंऽऽ सुरू. बहुतेक वेळा दोष बॅटरीचा असतो. कंपनीने त्या मॉडेलचा पॅक बनवणं कधीच बंद केलेलं असतं आणि माणूस नवा रिमोट घ्यायला निघतो. गरज नसते. पॅक सुरतेत बांधून मिळतो, नंदुरबार-नवापूरहून सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळी परतही जाता येतं. मात्र चुकीचा पॅक बसवला किंवा चुकीच्या चार्जरला लावला, तर रिमोट कायमचा जातो. लिथियमचा पॅक असेल तर घरात आगही लागू शकते.

या लेखात रिमोट म्हणजे हातात धरायचा ट्रान्समीटर. विमानातली, गाडीतली बॅटरी वेगळी, तिचा हिशेबही वेगळा. गाडीची बॅटरी एका दमात भरपूर करंट ओढू देणारी लागते. रिमोटला तसलं काही लागत नाही. जुना लांब अँटेनावाला सेटसुद्धा साधारण २०० ते २५० मिलिअँपिअर खातो. म्हणून दुकानदार ‘हा जास्त सी-रेटिंगचा घ्या’ म्हणाला तरी तिथे पैसे घालवू नका. रिमोटला हवं योग्य व्होल्टेज, योग्य माप आणि हळूहळू उतरत जाणारी, म्हणजे आधी इशारा देणारी बॅटरी.

आधी मागचं झाकण उघडा

दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या : जुन्या पॅकवरचं व्होल्टेज, सेलची संख्या, आणि कप्प्याची लांबी-रुंदी-खोली. पॅकचा मोबाईलवर फोटो घ्या, वायरचे रंग आणि प्लग स्पष्ट दिसतील असा.

निकेलचा एक सेल १.२ व्होल्टचा धरतात. म्हणून ८ सेलचा पॅक ९.६ व्होल्ट. फुताबा आणि जेआरच्या जुन्या सेटमध्ये हाच असायचा, पुष्कळदा ६०० मिलिअँपिअर-तासाचा निकेल-कॅडमियम, नंतर निकेल-मेटल-हायड्राइड. एफआरस्काय टॅरॅनिस एक्स९डीमध्ये ६ सेलचा ७.२ व्होल्टचा. फुताबा १४एसजीमध्ये ५ सेलचा ६ व्होल्टचा. फ्लायस्काय एफएस-आय६ला पॅकच नाही, चार पेन्सिल सेल घातले की झालं. रेडिओमास्टर टीएक्स१६एससारखे अलीकडचे सेट दोन लिथियम सेलवर, ७.४ व्होल्टवर चालतात.

जुन्या पॅकवर पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसली तर सेल गळलाय. ही भुकटी अल्कली असते, हाताला लागू देऊ नका. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पत्र्याचे संपर्क पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. सुरतेची हवा दमट, त्यात पावसाळा. इथे पडून राहिलेल्या सेटमध्ये हे फार बघायला मिळतं. काळी (मायनसची) वायरही बघा. थोडं सोलून आतली तार काळी पडलेली निघाली तर ती प्लगपर्यंत कुजलेली असू शकते. अशा वायरला नवा पॅक जोडून उपयोग नाही, वायरच बदला.

सुरतेत कोणाकडे जायचं

दुकानाचं नाव देत नाही, दुकानं बदलतात, जागा बदलतात. कामाचा प्रकार सांगतो, म्हणजे कोणत्याही शहरात उपयोगी पडेल.

पहिला ठिकाणा, वैद्यकीय यंत्रांचे किंवा कॉर्डलेस अवजारांचे पॅक बांधून देणारे. ईसीजी मशीन वगैरेत निकेलचे पॅक असतात, त्यामुळे ९.६ व्होल्ट म्हटल्यावर हे लोक गोंधळत नाहीत. एक खबरदारी : ड्रिल मशीनच्या पॅकमधला सेल जाडजूड असतो, तो रिमोटच्या कप्प्यात मावत नाही. ‘पेन्सिल सेलच्या मापाचा, पत्ती लावलेला’ असं स्पष्ट सांगा. गुजरातीत विचारायचं तर ‘पेन्सिल सेल नो आठ सेलवाळो पॅक बनावी आपशो?’ एवढं पुरतं.

दुसरा ठिकाणा, ई-बाईकचे पॅक बांधणारे. त्यांच्याकडे स्पॉट वेल्डिंगचं मशीन असतं. लिथियम सेलचा पॅक करायचा तर यांच्याकडेच जा, कारण लिथियम सेलला थेट सोल्डरिंगची कावीळ... नाही, कावी टेकवायचीच नाही. उष्णतेने आतला पडदा जातो.

तिसरा ठिकाणा म्हणजे सुरतेची खासियत : लूम आणि एम्ब्रॉयडरी मशीनची बोर्डं दुरुस्त करणारे कारागीर. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातली माणसं मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे मराठीत बोलूनही काम होतं. बॅटरी ते विकत नसतील, पण तुम्ही पत्तीवाले सेल नेऊन दिलेत तर जोडून, वर हीट श्रिंक चढवून देणं त्यांच्यासाठी दहा मिनिटांचं काम आहे.

सुरतेत नाहीच जमलं तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली आहेच. ऑनलाइनही मिळतं. विमानाने येणार असाल तर सुटी लिथियम बॅटरी सामानात टाकायची नाही, सोबतच्या हँडबॅगेत ठेवायची, तोंडं टेपने झाकून.

पॅक बांधून घेताना सगळे सेल एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे, एकाच वेळी घेतलेले हवेत. आठात एक कमजोर निघाला तर तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे सात त्याला उलटा चार्ज करत बसतात. जुन्या सातात एक नवा घालून काम भागवणं म्हणूनच महागात पडतं. साध्या निकेल-मेटल-हायड्राइडपेक्षा हळू उतरणारे सेल घ्या. सान्योने २००५ साली एनेलूप या नावाने असे सेल आणले, आता ते पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात. महिनाभर कपाटात ठेवला तरी पॅक रिकामा होत नाही. रविवारीच मैदानावर जाणाऱ्याला हे फार सोयीचं.

जुना प्लग फेकू नका. तोच कापून नव्या पॅकला लावा, कारण प्लगमधला वायरचा क्रम कंपनीगणिक बदलतो. दोन्ही वायर एकदम कापायच्या नाहीत. कात्रीच शॉर्ट करते. एक कापा, टेप लावा, मग दुसरी. रिमोटला जोडण्याआधी मल्टीमीटरने प्लस-मायनस तपासा. प्लस-मायनस उलटं झालं तर बहुतेक सेटला दुसरी संधी मिळत नाही.

लिथियम घालायचं का?

विचार सगळ्यांच्याच मनात येतो. लिथियम हलकं, जास्त टिकतं. पण ९.६ व्होल्टच्या जुन्या सेटमध्ये दोन सेलचा लिथियम पॅक घातलात तर तो पूर्ण भरल्यावरही ८.४ व्होल्टच देतो. त्या सेटचा धोक्याचा भोंगा साधारण ८.५च्या आसपास वाजतो. म्हणजे पहिल्या मिनिटापासून भोंगा. तीन सेलचा लिथियम-पॉलिमर घातला तर १२.६ व्होल्ट होतात. तेवढं चालतं असं त्या सेटच्या माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलं नसेल तर घालू नका, आतला रेग्युलेटर तापतो. मधला मार्ग लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा आहे. याचे तीन सेल म्हणजे ९.९ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर १०.८. भरलेला आठ सेलचा निकेल पॅक चार्जरवरून काढताना ११च्या वर असतो, म्हणजे हा त्याच्या आतच बसतो. अडचण एकच, हा पॅक शेवटपर्यंत जवळपास सारखंच व्होल्टेज देतो आणि मग धाडकन पडतो. भोंग्यावर न जाता घड्याळावर चाला.

टॅरॅनिससारख्या सेटमध्ये भोंग्याचं व्होल्टेज मेनूत बदलता येतं. निकेलऐवजी दोन सेलचं लिथियम घातलं तर इशारा ६.६ ते ६.८ व्होल्टवर लावा. एक्स९डीच्या जुन्या आवृत्तीत आतच चार्जर आहे, पण तो निकेलसाठी आहे. लिथियम घातल्यावर सेटच्या भोकात चार्जरची पिन घालायची नाही, पॅक बाहेर काढूनच चार्ज करायचा.

पेन्सिल सेलवाल्या सेटमध्ये दोन सापळे आहेत. बाजारात १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो, दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल, पण ३.७ व्होल्टचा. असे चार एफएस-आय६मध्ये गेले तर सहाच्या जागी १५-१६ व्होल्ट, सेट गेलाच. दुसरा सापळा यूएसबीने चार्ज होणाऱ्या १.५ व्होल्टच्या सेलचा. यांच्या आत छोटं सर्किट असतं, ते शेवटपर्यंत १.५ व्होल्ट दाखवत राहतं आणि मग अचानक बंद. एफएस-आय६ ४.२ व्होल्टला इशारा देतो, पण हे सेल त्या आकड्यावरून हळूहळू खाली येतच नाहीत. विमान हवेत असताना रिमोट इशारा न देता मेला तर खाली कोण उभं आहे ते बघायलाही वेळ मिळत नाही. टीव्हीच्या रिमोटला, घड्याळाला हे सेल घाला. उडवायच्या सेटला साधे निकेलचे चार्जेबल किंवा चांगले अल्कलाइन.

१८६५० मापाचा लिथियम सेल घेताना त्यावर ९९०० मिलिअँपिअर-तास वगैरे छापलेलं दिसलं तर तो खोटा आहे. या मापाचा चांगला सेल साधारण ३५००च्या आसपास थांबतो. वजनही बघा : खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, त्याहून फारच हलका लागला तर परत ठेवा.

चार्जिंग

निकेलचा पॅक हळू चार्ज करायचा नियम सोपा : क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट, १४ ते १६ तास. ६०० च्या पॅकला ६० मिलिअँपिअर. जुन्या सेटसोबतचा भिंतीत लावायचा चार्जर साधारण ५० मिलिअँपिअर द्यायचा, म्हणून ‘रात्रभर लाव’ हे तेव्हा बरोबर होतं. पण आता तुम्ही १७०० चा पॅक घातलाय. त्याच चार्जरने तो भरायला जवळपास दोन दिवस लागतात. लोक रात्रभर लावतात, सकाळी मैदानावर जातात, तासाभरात भोंगा वाजतो आणि दोष नव्या पॅकला देतात. पॅक अर्धासुद्धा भरलेला नसतो.

घाई असेल तर बॅलन्स चार्जर वापरा, जो बी६ या नावाने (आणि त्याच्या नकलांनी) सगळीकडे मिळतो. आधी सेलचा प्रकार निवडा : निकेल-मेटल-हायड्राइड, लिथियम-पॉलिमर, लिथियम-आयर्न. इथे चूक नको. लिथियम-आयर्नचा सेल ३.६ व्होल्टला भरतो, लिथियम-पॉलिमरच्या सेटिंगवर चार्जर त्याला ४.२ पर्यंत ढकलत राहतो. निकेलला अर्धा ते एक अँपिअर पुरे. पॅक भरल्यावर किंचित कोमट लागतो. हाताला चटका बसत असेल तर चार्जरने थांबायची वेळ ओळखलेली नाही, काढून घ्या.

सेटच्या भोकातून चार्ज करताना आणखी एक भानगड. फुताबाच्या पिनेचा मधला भाग प्लस असतो, जेआरचा मायनस. चार्जर दिसायला सारखेच. मित्राचा चार्जर उसना घेऊन लावला आणि सेट गेला, ही गोष्ट मैदानावर दर वर्षी कोणीतरी सांगतंच. जेआरमध्ये शिवाय आत डायोड असतो, त्यामुळे हुशार चार्जरला पॅकचं व्होल्टेज दिसतच नाही आणि तो चूक दाखवतो. सेट बिघडला असं समजू नका. पॅक बाहेर काढून चार्ज करा.

लिथियम चार्ज करताना घराबाहेर जाऊ नका, झोपू नका. गादी, लाकडी कपाट, कापडाचे तागे यांपासून दूर, फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवा. सुरतेत घराघरात साडीचं, लेसचं काम चालतं, म्हणून मुद्दाम सांगतोय. फुगलेला पॅक चार्ज करायचा नाही, दाबून बघायचा नाही. महिनाभर वापरायचा नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. एप्रिल-मेमध्ये स्कूटरच्या डिकीत तर अजिबात नको.

नवा पॅक बसवल्यावर लगेच उडवायला धावू नका. सेट घरीच चालू ठेवा, भोंगा किती वेळाने वाजतो ते घड्याळ लावून लिहून घ्या, पुन्हा चार्ज करा, पुन्हा बघा. दोन्ही वेळा सारखा आकडा आला तर त्याच्या निम्म्या वेळेत खाली उतरायचं ठरवा. डुमसच्या किनाऱ्यावर उडवायचा विचार असेल तर विमानतळ अगदी जवळ आहे. आधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागेचा रंग बघा. आणि १४-१५ जानेवारीला, उत्तरायणात, सुरतेच्या आभाळात विमान नेऊच नका, मांजा कोणाचंच ऐकत नाही.

जुना पॅक कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. निकेल-कॅडमियममध्ये कॅडमियम हा विषारी धातू असतो. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत रिमोटच्या पॅकसारख्या छोट्या बॅटऱ्याही येतात, आणि त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून गोळा करणाऱ्याकडे देणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. तोंडांना टेप लावा आणि नवा पॅक घ्यायला जाल तेव्हा जुना सोबत न्या. पॅक बांधणाऱ्याला मापही मिळतं.