भाड्याचें घर : शाकारणीपासून गिझरपर्यंत

मावळांत पाऊस हा चार दिवसांचा पाहुणा नव्हे. चार महिने तोच घरचा धनी असतो. लोणावळें-खंडाळ्याच्या माथ्यावर दर वर्षीं शंभर इंचांहून पुष्कळ अधिक पाऊस कोसळतो. त्यामुळें येथें बिऱ्हाड करूं इच्छिणारा मनुष्य प्रथम छपराकडे पाहतो. मृगापूर्वीं कौलें चाळून शाकारणी करावयाची, ती घरमालकानें कीं भाडेकऱ्यानें, असा वाद कौलारू घरांत सहज उभा राहतो. आतां त्याच वादांत पाणी तापविण्याचा गिझर, विजेचा पंप आणि लिफ्ट येऊन बसलीं आहेत. वस्तु बदलल्या, परंतु मूळ प्रश्न बदलला नाहीं. भाडें घेणारा मनुष्य त्याच्या मोबदल्यांत नेमकें काय देतो? चार भिंती, कीं राहण्याची सोय?

लोणावळ्यास वस्ती वाढली ती आगगाडीमुळें. १८५८ सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली आणि १८६३ मध्यें बोरघाटाचा मार्ग पुरा होऊन मुंबई व पुणें जोडलीं गेलीं. १८७७ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली. हवा पालटण्यासाठीं येणाऱ्या मुंबईकरांचे बंगले उभे राहिले. त्या काळच्या घरांत बिघडण्यासारखें थोडेंच होतें. पाणी विहिरीचें, उजेड रॉकेलच्या कंदिलाचा आणि ऊन पाणी तांब्याच्या बंबांतलें. बंब व कंदील हे भाडेकऱ्याचे स्वतःचे असत. बिऱ्हाड हाललें कीं तेही त्याच्याबरोबर हालत.

मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा अशाच काळांतला. त्याचें १०८ वें कलम असें सांगतें कीं, जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे ती त्यानें सूचना मिळूनही वाजवी मुदतींत केली नाहीं, तर भाडेकऱ्यानें ती करून घ्यावी आणि खर्च व्याजासह भाड्यांतून वळता करावा. परंतु मालक कोणत्या दुरुस्तीस बांधलेला आहे, हें त्या कलमानें सांगितलें नाहीं; तें करारावर सोडलें. भाडेकऱ्यावर मात्र घर घेतलें तसें परत करण्याची जबाबदारी टाकली. वापरामुळें होणारी रास्त झीज तेवढी वगळली.

यानंतर घराचें रूप पालटलें, आणि तें मावळच्याच पावसानें. टाटांची जलविद्युत् कंपनी १९१० सालीं निघाली. लोणावळें, वळवण व शिरोता येथें पाणी अडवून तें घाटाखालीं खोपोलीस सतराशें फुटांहून अधिक खोल सोडण्यांत आलें, आणि १९१५ सालीं तेथून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळूं लागली. १९२२ मध्यें ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचें वीजगृह सुरू झालें. या तलावांखालीं मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या; पहिला प्रकाश मात्र मुंबईंत पडला. पुढें हळूहळू वीज घरोघर पोंचली. तार भिंतींत शिरली, बटन भिंतीवर बसलें. कंदील उचलून नेतां येत होता, भिंतींतली तार नेतां येईना. घर आणि उपकरण यांची सीमा पुसली गेली आणि दुरुस्तीच्या वादास नवें तोंड फुटलें.

भाडेकऱ्याचें संरक्षण करणारे कायदे मात्र महायुद्धांतून जन्मले. १९१५ सालीं ग्लासगो येथें भाडेवाढीविरुद्ध स्त्रियांनीं संप पुकारला आणि ब्रिटिश पार्लमेंटास भाडें बांधून द्यावें लागलें. मुंबईस १९१८ मध्यें भाडेनियंत्रण आलें. दुसऱ्या महायुद्धांत तें पुन्हां आलें आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें पक्कें झालें. या कायद्याच्या कर्त्यांनीं मनुष्यस्वभाव चांगला ओळखला होता. भाडें बांधून दिलें म्हणजे मालक भाडेकऱ्यास दावा लावून काढणार नाहीं. तो नळ बंद करील. म्हणून पाणी, वीज, जिन्यावरील दिवा, लिफ्ट व सफाई या आवश्यक सोयी पुरेशा कारणावांचून तोडणें वा रोखणें हा गुन्हा ठरविला. घर म्हणजे केवळ भिंती नव्हेत, हें कायद्यानें येथें स्पष्ट मान्य केलें.

मालकाचीही बाजू ऐकली पाहिजे. प्रमाण भाडें १९४० च्या पातळीस खिळून राहिलें आणि दुरुस्तीचा खर्च वाढत गेला. हातीं येणाऱ्या भाड्यांत शाकारणीही भागेना, मग लिफ्ट कोठून सुधारणार? मुंबईंत घरें कोसळूं लागलीं आणि १९६९ सालीं दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. १९९७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें भाडें असें गोठवून ठेवणें अवाजवी ठरविलें. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें वर्षास चार टक्के वाढ दिली आणि सोयी तोडण्याची मनाई कायम ठेवली. उलट करार नसेल तर घर राहण्याजोगें ठेवण्याची जबाबदारी मालकाची. पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकऱ्यास दुरुस्ती करतां येते व वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंत खर्च कापून घेतां येतो. हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरता आहे.

दरम्यान मालकांनीं निराळी वाट काढली : लीव्ह अँड लायसेन्स. १९७३ सालीं १ फेब्रुवारीस घरांत असलेल्या लायसेन्सधारकांना कायद्यानें भाडेकरू मानलें. पुढच्यांना तो लाभ नाहीं. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याचा गिझर बिघडला, तर त्याचा मुख्य आधार म्हणजे करारांतले शब्द. तो करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयीं राहणाऱ्याचेंच म्हणणें ग्राह्य धरलें जातें.

केंद्र सरकारनें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यांत कामांची वांटणीच केली आहे. उलट ठराव नसेल तर रंगसफेदी, नळाचे पाइप आणि विजेच्या तारा मालकाकडे; तोटी, बटनें आणि गिझरची दुरुस्ती भाडेकऱ्याकडे. हा नमुना आहे. राज्यानें कायदा केल्यावांचून तो बंधनकारक नाहीं. गिझर मालकानें जुनाच बसविला असेल, तर ही वांटणी भाडेकऱ्यास जाचेल, हेंही खरें.

किल्ली हातीं घेण्यापूर्वीं प्रत्येक उपकरणाची स्थिति दोघांच्या सहीनें लिहून ठेवावी, कोणतें कोणीं दुरुस्त करावयाचें हें करारांत घालावें आणि बिघाड होतांच लेखी कळवावें. ज्याला मृगापूर्वीं छप्पर पाहण्याची संवय आहे, त्या मावळ्यास हें निराळें शिकवावयास नको. पाऊस सुरू झाल्यावर शाकारणी होत नाहीं.