जॉन कोल्ट्रेन : १९५७च्या उत्तरार्धाचे पुरावे

१९५७च्या वसंतात माइल्स डेव्हिसने जॉन कोल्ट्रेनला आपल्या वाद्यवृंदातून काढले. हेरॉइनच्या व्यसनापायी त्याचा भरवसा उरला नव्हता. फेब्रुवारी १९५८मध्ये डेव्हिसच्या ‘माइलस्टोन्स’ तबकडीच्या ध्वनिमुद्रणात तोच कोल्ट्रेन पुन्हा भेटतो, आणि आता त्याच्या टेनर सॅक्सोफोनमधून सुरांचे लोटच्या लोट येत असतात. मधल्या महिन्यांत काय घडले, हा जॅझच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न आहे.

त्याची स्वतःची साक्ष दोन ठिकाणी मिळते. सप्टेंबर १९६०मध्ये ‘डाउन बीट’ नियतकालिकात आलेल्या लेखात पियानोवादक थेलोनियस मंकचे ऋण तो मोकळेपणाने मान्य करतो. ‘अ लव्ह सुप्रीम’ या आपल्या तबकडीच्या वेष्टनावर तो १९५७मधल्या आध्यात्मिक जागृतीबद्दल लिहितो, पण व्यसनाचे नाव घेत नाही. पहिली साक्ष तीन वर्षांनंतरची, दुसरी सुमारे सात वर्षांनंतरची. प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, तरी या आठवणी आहेत. बखरीशेजारी समकालीन पत्र ठेवून पाहावे, तसे त्या वर्षातले ध्वनिमुद्रण त्यांच्याशेजारी ठेवायला हवे.

तारखांचा सांगाडा पक्का आहे. १६ एप्रिलला मंकच्या ‘मंक्स मूड’मध्ये कोल्ट्रेन वाजवतो. ३१ मे रोजी प्रेस्टिज कंपनीसाठी स्वतःच्या नावाची पहिली तबकडी मुद्रित करतो. न्यूयॉर्कच्या मद्यालयांत वाजवण्यासाठी पोलिसांचे परवानापत्र लागे. अमली पदार्थांच्या प्रकरणात १९५१पासून अडकलेले मंकचे ते पत्र १९५७मध्ये सुटले आणि जुलैच्या आरंभी तो कूपर स्क्वेअरजवळच्या ‘फाइव्ह स्पॉट’ या मद्यालयात वाजवू लागला. त्याच महिन्यात कोल्ट्रेन त्याला जाऊन मिळाला. डिसेंबरअखेरपर्यंत हे चालले.

मंक-कोल्ट्रेनच्या या चौकडीचा इतका बोलबाला असूनही मागे राहिल्या तीन रचना : ‘रूबी, माय डिअर’, ‘ट्रिंकल, टिंकल’ आणि ‘नटी’. मंक रिव्हरसाइड कंपनीशी बांधलेला, कोल्ट्रेन प्रेस्टिजशी. त्यामुळे या तीन रचना स्टुडिओत मुद्रित झाल्या, तरी १९६१पर्यंत बाजारात आल्या नाहीत. ऐकणाऱ्यांच्या आठवणी भरपूर. ऐकायला मात्र एवढेच.

१९९३मध्ये वाटले, कोडे सुटले. कोल्ट्रेनची पत्नी नाइमा हिने फाइव्ह स्पॉटमध्ये घरगुती यंत्रावर केलेले मुद्रण ब्लू नोट कंपनीने प्रसिद्ध केले आणि त्यावर १९५७चा उन्हाळा असा काळ दिला. पण ड्रमवर रॉय हेन्स आहे. १९५७च्या चौकडीत त्या जागी शॅडो विल्सन होता. हेन्स मंककडे आला तो पुढच्या वर्षी. अभ्यासकांनी पुरावे ताडून पाहिले, तेव्हा हे मुद्रण ११ सप्टेंबर १९५८चे ठरले : त्या रात्री कोल्ट्रेन मंकच्या चौकडीत सॅक्सोफोनवादक जॉनी ग्रिफिनच्या जागी बसला होता. मूळ प्रकाशनात टेपची गतीही चुकली होती; पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. एका ड्रमवादकाच्या ओळखीने एक साधन पुरे वर्षभर पुढे सरकले, हे मला या सगळ्या शोधातले सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण वाटते.

मग २००५ उजाडले. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या जुन्या टेपा डिजिटल करण्याचे काम चालू असताना लॅरी ॲपलबॉम यांच्या हाती १९५७च्या कार्नेगी हॉलमधील जॅझची रिळे आली. एका खोक्यावर हाताने लिहिले होते : ‘टी. मंक’. कोल्ट्रेनचे नाव नव्हते. सॅक्सोफोन ऐकल्यावर मात्र त्यांना ओळख पटली.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर १९५७. मॉर्निंगसाइड या समाजकेंद्राच्या मदतीसाठी त्या रात्री कार्नेगी हॉलमध्ये दोन खेळ झाले. बिली हॉलिडे, डिझी गिलेस्पी, रे चार्ल्स, सनी रोलिन्स हेही त्यात होते. मंकच्या चौकडीचे दोन्ही खेळांतले वादन रिळांवर आहे, एकूण सुमारे ५१ मिनिटे. तारीख, स्थळ, वादक सगळे निश्चित. अस्सल साधन म्हणतात ते हेच.

आता ‘नटी’च्या दोन प्रती शेजारी ठेवता येतात : एक स्टुडिओतली, एक नोव्हेंबरची. स्टुडिओत कोल्ट्रेन मंकची वाट जपून शोधतो. नोव्हेंबरमध्ये त्याच वाटेने तो धावतो, आणि मंकच्या अवघड जागा त्याला अडवत नाहीत. हा बदल मंकच्या सहवासामुळे झाला, असे माझे मत आहे. ते सिद्ध झाले असे मात्र म्हणता येत नाही. मधल्या काळात बेसवादक बदलला होता : विल्बर वेअरच्या जागी अहमद अब्दुल-मलिक आला. सप्टेंबरात कोल्ट्रेनने स्वतःचे ‘ब्लू ट्रेन’ही मुद्रित केले होते. व्यसन सुटले होते. यातल्या कोणत्या कारणाला किती श्रेय द्यायचे, हे रीळ सांगत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. कार्नेगी हॉलमध्ये अनेक कलावंत एकामागून एक येणार असल्याने प्रत्येकाची वेळ बांधलेली होती. तिथली ‘नटी’ स्टुडिओतल्यापेक्षाही आखूड आहे. फाइव्ह स्पॉटमध्ये असा धाक नव्हता. तिथे एकेक रचना किती लांबत असेल, याचा अंदाज नाइमाच्या त्या तारीख बदललेल्या टेपवरून बांधता येतो : ‘आय मीन यू’ ही एकच रचना तिच्यावर दहा मिनिटांहून अधिक चालते. १९५७साठी बाद ठरलेले साधन १९५७च्याच एका प्रश्नासाठी पुन्हा उघडावे लागते, अर्थात अप्रत्यक्ष पुरावा म्हणूनच.