पिंपरीची माती आणि तोंडातला पांढरा थर

'पेनिसिलीनचा कारखाना' म्हटलं की पिंपरीच्या जुन्या माणसांना पत्ता सांगावा लागत नाही. १९५४ साली सरकारने काढलेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स! पण तिथे बुरशीवरचं एक औषधही शोधलं गेलं, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. बुरशीशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास एका जिवाणूपासून ते मिळवलं. औषधाला कंपनीवरून नाव मिळालं 'हॅमायसिन', आणि जिवाणूला गावावरून 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. आहे की नाही अभिमानाची गोष्ट?

तोंडातल्या पांढऱ्या बुरशीवर ते वापरलं जाई. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखा थर दिसतो ना, तीच ही कँडिडा. ती एरवीही पुष्कळांच्या तोंडात असते, पण शरीराची प्रतिकारशक्ती शाबूत असली की गप्प राहते.

जून १९८१ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या आजाराचा अहवाल छापून आला. एड्सची ती पहिली नोंद. फुफ्फुसाच्या दुर्मीळ आजाराबरोबर त्या पाचही जणांना कँडिडा होती. एचआयव्ही रक्तातल्या सीडी-४ पेशी हळूहळू संपवतो. मोठे आजार येण्याआधी, माणूस रोज कामावर जात असतानाच, पुष्कळदा हा पांढरा थर दिसू लागतो.

१९९२ साली भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली (आता तिचं नाव बदललं आहे). म्हणजे औषध शोधणारे पिंपरीत आणि रोगाचा अभ्यास करणारे शेजारच्या भोसरीत!

तरीही आमच्या भागात तेव्हा काय चालायचं? "तोंड आलंय" म्हणायचं आणि बी-कॉम्प्लेक्स घ्यायची. गाव सोडून एमआयडीसीत आलेली पोरं, एका खोलीत चार-पाच जण. सांगणार कुणाला? नोकरी जाईल, खोली जाईल, ठरलेलं लग्न मोडेल. माझा एक माजी विद्यार्थी असाच कित्येक महिने गप्प राहिला. तपासणी झाली तेव्हा दुसऱ्याच एका बुरशीने मेंदूचं आवरण गाठलं होतं. तो वाचला नाही.

एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली. २०१७ पासून तर सीडी-४ कितीही असो, निदान होताच उपचार सुरू करतात. वेळेवर गोळ्या घेणारा माणूस आज नातवंडं खेळवू शकतो.

पांढरा थर म्हणजे एचआयव्हीच, असं मुळीच नाही. मधुमेह, कवळी, अँटिबायोटिक्स यांमुळेही तो येतो. पण वारंवार येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, तपासणी करून घ्या. आणि घरातलं कुणी दबकत काही सांगू लागलं, तर आधी ऐकून घ्या. त्या मुलाचं ऐकायला तेव्हा कुणी नव्हतं.