तळटीप : ‘बायकांचा बार’

१. ‘बायकांचा बार’ : वेटलिफ्टिंगमधला महिलांचा बार. वजन १५ किलो, जाडी २५ मिलिमीटर. पुरुषांचा २० किलोचा आणि २८ मिलिमीटरचा. आखूड बोटांनी अंगठा दाबून पकड घेताना हे तीन मिलिमीटर चांगलेच जाणवतात. कुरुंदवाडात हे पोरासोरांनाही ठाऊक. गावच्या गणेश माळी, ओंकार ओतारी, चंद्रकांत माळी यांनी २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेतून कांस्यपदकं आणली. ‘बायकांचा बार’ म्हणताना लेखकाचा रोख न्यूझीलंडची वेटलिफ्टर लॉरेल हबर्ड हिच्यावर आहे. तरुणपणी पुरुष गटात खेळलेली हबर्ड लिंगबदलानंतर महिला गटात आली; २ ऑगस्ट २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, तिचे स्नॅचचे तिन्ही प्रयत्न फुकट गेले. महिला गटात खेळायला तेव्हा अट होती टेस्टोस्टेरॉन वर्षभर लिटरमागे १० नॅनोमोलखाली ठेवण्याची. वयात येताना कमावलेली हाडं-स्नायू औषधाने किती उतरतात, हा खरा वाद. मला ती अट तोकडी वाटते. धावपटू द्युती चंदला मात्र लेखकाने उगाच याच ओळीत ओढलं आहे. ती जन्मापासून मुलगीच. तिचा प्रश्न शरीरात निसर्गतः जास्त असलेल्या टेस्टोस्टेरॉनचा होता, आणि २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तिला आडवा आलेला नियम स्थगित केला. — संपा.