शुश्रूषा शिकवता येते का?

‘शुश्रूषा’ या शब्दाचा संस्कृतातला मूळ अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. ‘श्रु’ म्हणजे ऐकणं, त्यातून तो आला. जो ऐकतो तोच सेवा करतो, असा अर्थ पुढे वाढत गेला आणि मराठीत तो आजाऱ्याच्या देखभालीला चिकटला. आमच्या घरांत आजाऱ्याला भेटायला जाण्याला ‘इयादत’ म्हणतात. त्या अरबी शब्दाच्या मुळाशी परत येणं आहे. म्हणजे एकदा फळं देऊन सुटका नाही.

इ.स. 627 मध्ये खंदकाच्या लढाईत सअद बिन मुआज जखमी झाले. त्यांच्यासाठी मदिनेच्या मशिदीतच तंबू उभारला गेला. जखमींची देखभाल करणाऱ्या रुफैदा अल-अस्लमिया यांच्याकडे त्यांना सोपवलं होतं. पैगंबर येता-जाता विचारायचे, सकाळ कशी गेली, संध्याकाळ कशी आहे? हल्ली आपल्याकडे रुफैदांच्या नावावर जगातली पहिली नर्सिंग शाळा चढवायची हौस दिसते. मला ती घाई वाटते. शाळेचा पुरावा तोकडा आहे, तंबूचा मात्र पक्का आहे. आणि तो तंबू वस्तीच्या कडेला नव्हता, रोजच्या नमाजाच्या जागेत होता, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आधुनिक नर्सिंगचं शिक्षण फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू केलं. मुंबईत या शिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून नर्सिंगच्या पुस्तकांत 1891 सालच्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव येतं. नाव येतं आणि तिथेच संपतं. त्या काळी परक्या पुरुषाची जखम धुणाऱ्या बाईला शेजारपाजारचे काय म्हणत असतील, याची एक ओळही कुणी लिहून ठेवलेली नाही.

माझी भाची जोगेश्वरीची. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं मला विचारलं, ‘‘मामू, सुई टोचली की वहीत सही मिळते, ड्रेसिंग केलं की सही मिळते. पेशंटपाशी बसून ऐकलं तर कुठे सही घ्यायची?’’ मी तिला दोन खाटांची गोष्ट सांगितली.

पहिली खाट परळच्या केईएम रुग्णालयातली. अरुणा शानबाग तिथे नर्स होत्या. 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळल्यामुळे मेंदूला रक्त पोचलं नाही आणि त्या पुन्हा सावरल्या नाहीत. 18 मे 2015 रोजी वारल्या तोवर, म्हणजे जवळपास 42 वर्षं, त्यांना केईएमच्या परिचारिकांनी सांभाळलं. भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं, रोज. ऐंशीच्या दशकात महापालिकेनं खाट मोकळी करायला त्यांना दुसरीकडे हलवायचं ठरवलं, तेव्हा परिचारिका आडव्या आल्या.

लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांचं अन्न थांबवावं अशी याचिका केली. 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती फेटाळली आणि अरुणांच्या वतीनं बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही अंगावर शय्याव्रण नाही, याची नोंद निकालपत्रात आहे. तिथेच आणखी एक गोष्ट कळते. नर्सिंगच्या प्रत्येक नव्या तुकडीला या खाटेपाशी आणून सांगत, ही आपल्यातलीच होती, अजूनही आहे. करुणेचा याहून चांगला तास मला ठाऊक नाही. तरी या गोष्टीचा नुसता गौरव करताना मन कचरतं. 1973 साली या हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्स संपावर गेल्या होत्या. मागणी सुरक्षित कामाची होती. माया दाखवा असं आपण त्यांना शिकवत राहिलो. रात्रपाळीला कपडे बदलायला दार लागणारी खोली मात्र त्यांना भांडून मागावी लागते.

दुसऱ्या खाटेसाठी माहीमची खाडी ओलांडून उपनगरात, वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर यावं लागतं. टाटा रुग्णालयातले कर्करोग शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी 1986 मध्ये इथे शांती अवेदना सदन सुरू केलं. बरा न होणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांसाठीचं हे देशातलं पहिलं हॉस्पिस. होली क्रॉस संघाच्या सिस्टर्स इथे शुश्रूषा करतात. धर्म विचारला जात नाही, पैसे घेतले जात नाहीत.

या कल्पनेचा पाया घालणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग डॉक्टर झाल्या. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. दुखणं शरीराचं असतं तसं मनाचं, घरच्या काळजीचं आणि श्रद्धेचंही असतं, असं त्या शिकवत. रुग्ण दुखतंय म्हणाला की आधी त्यावर विश्वास ठेवायचा. नर्सच्या दृष्टीनं हे फार कामाचं आहे, कारण रात्री तीन वाजता ते ऐकायला तीच असते. कण्हणं किती वाढलं, तोंड कोरडं पडलंय का, कूस बदलताना चेहरा आक्रसतो का, हे पाहायला शिकवावं लागतं. तयम्मुमसाठी हात धरायचा असेल, खाट किब्ल्याकडे फिरवून हवी असेल, तर विचारायलाही शिकवावं लागतं.

पण ऐकून करायचं काय? सदन उघडलं त्याच्या आदल्याच वर्षी, 1985 मध्ये, अमली पदार्थांचा कडक कायदा आला होता. परवान्यांच्या जंजाळात मॉर्फिन इतकं अडकलं की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. अफू पिकवणाऱ्या देशात कर्करोगाचे रुग्ण वेदनेनं तळमळत गेले. कायदा सैल व्हायला 2014 उजाडलं. मधली 29 वर्षं किती नर्सनी उशाशी उभं राहून नुसताच हात धरला असेल!

2021 मध्ये भारतीय परिचर्या परिषदेनं बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला, त्यात वेदनाशामक शुश्रूषा सक्तीची केली. भाचीच्या वहीत यंदा तो रकाना आला आहे. सही करणाऱ्या सिस्टरकडे त्या रात्री चाळीस पेशंट होते, असं ती सांगत होती.