गावठी कोंबडी (घरच्या मांसासाठी संगोपन)

परसात मोकळी फिरून बरेचसे पोट स्वतः भरणारी, सावकाश वाढणारी देशी कोंबडी. तांबडा रानकोंबडा हा सर्व पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज. सह्याद्रीत आरवणारा करडा रानकोंबडा ही वेगळी जाती होय. गावठी कोंबडीला ठरावीक रंग नाही. तांबडी, काळी, ठिपक्यांची, उघड्या मानेची अशी सगळी एकाच खुराड्यात नांदतात.

ब्रॉयलर सुमारे ६ आठवड्यांत २ किलोचा होतो. गावठी कोंबडा किलो-सव्वा किलो भरायला ५-६ महिने घेतो. एवढ्या वयात आणि हिंडण्या-उकरण्यात स्नायूंतील कोलॅजन पक्के होते, म्हणून मांस चिवट लागते. मंद आचेवर तेच विरघळून रश्शाला अंग देते. कोकणातली सागोती अशा कोंबड्यावरच खरी जमते. घाईने उतरवली तर मांस दाताला दाद देत नाही.

या संगोपनाचा सारा आधार खुडूक कोंबडीवर आहे. अंड्यांचा एक डाव संपला की ती घालणे थांबवून उबवायला बसते. तिच्याखाली १०-१२ अंडी ठेवली की २१ दिवसांत पिल्ले निघतात. पुढे कित्येक आठवडे ती त्यांना ऊब देते, उकरायला शिकवते, घारीची सावली दिसताच पंखांखाली घेते. यात तिची अंडी बुडतात, पण विकतची पिल्ले, यंत्र, वीज यांवाचून कळप चालू राहतो. मांसासाठी कापायचे ते मुख्यतः जादा कोंबडे. पिल्लांत जवळपास निम्मे नर निघतात आणि ८-१० कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. तलंगा (तरुण माद्या) मात्र राखाव्यात. राखणीचा कोंबडा दोनेक वर्षांनी दुसऱ्या गावातून आणलेला बरा, नाहीतर नात्यातच जोड लागून पिल्ले कमजोर निघतात.

वनराज, गिरिराज यांसारखे सुधारित वाण अंडी आणि वजन अधिक देतात, पण सहसा खुडूक होत नाहीत. कळपात त्यांचेच रक्त वाढले तर दर खेपेला पिल्ले विकत घ्यावी लागतात. घरच्यापुरते पाळणाऱ्याला हा तोटा मोठा आहे. काळ्या मांसाचा कडकनाथही उबवण्यात कच्चा. झाबुआच्या या कोंबडीच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी तिची अंडी अनेक ठिकाणी गावठी कोंबडीखालीच उबवली जातात.

पिल्ले मरतात ती मुंगूस, मांजर, घार आणि मानमोडी (राणीखेत) यांमुळे. रात्री खुराडे नीट लावणे, पहिले काही आठवडे पिल्ले डालग्याखाली ठेवणे आणि कण्या, मूठभर दाणे घालणे एवढ्याने बरीच वाचतात. मानमोडीला औषध नाही. पिल्लू आठवड्याचे होईतो लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत द्यावा आणि सुमारे ८ आठवड्यांनी आर-टू-बी लस टोचून घ्यावी. लशीची एक कुपी शेकडो पक्ष्यांना पुरते आणि उघडल्यावर टिकत नाही, म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लस देणे सोयीचे पडते.