कथेतील कथा आणि विश्वासाची कसोटी : ‘अल्फ लैला व लैला’तील कोळी व जिन

मध्ययुगीन अरबी कथावाङ्मयातील ‘कथेत कथा’ ही रचना केवळ रंजनासाठी नाही. विश्वास कोणावर व कशाच्या आधारे ठेवावा, याची चर्चा तीतून घडते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या भाषांतरामुळे मराठीत परिचित झालेल्या या संग्रहातील कोळी व जिन यांची कथा याचे उत्तम उदाहरण होय. येथे मुहसिन महदी यांनी १९८४ मध्ये संपादित केलेला पाठ आधारभूत मानला आहे.

बंधमुक्त करणाऱ्या कोळ्यालाच जिन मारू पाहतो. कोळी त्यास युक्तीने पुन्हा कुंभात कोंडून राजा यूनान व वैद्य दूबान यांची कथा सांगतो. कुष्ठरोग बरा करणाऱ्या दूबानविरुद्ध वजीर राजाचे कान भरतो. राजा प्रथम सत्यवचनी पोपटाला मारून पस्तावलेल्या पतीची कथा सांगतो. उत्तरादाखल वजीर राक्षसीच्या तावडीत सापडलेल्या राजपुत्राची कथा सांगतो. वस्तुतः तीत दोषी ठरतो तो वजीरच. परंतु राजाच्या हे ध्यानात येत नाही. तो वैद्याचा वध करवितो आणि वैद्याने दिलेल्या विषारी ग्रंथाची पाने उलटताना स्वतःही मरतो.

म्हणजेच, उपदेशाचे साधन असलेली कथा कपटाचेही साधन होते. राजाला बोध ठाऊक होता. सांगणाऱ्याचा हेतू त्याने तपासला नाही. कोळी मात्र सूडापाशी थांबत नाही. जिनाकडून शपथ घेऊन तो त्यास सोडतो व जिन वचन पाळतो. सारांश, आंधळा विश्वास व सरसकट संशय दोन्ही घातक. पारखून ठेवलेला विश्वासच तारक ठरतो.